डावं-उजवं

सायकल एकदा आली की माणूस ती जन्मात विसरत नाही, असं मी भाच्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ते तंतोतंत खरं निघालं. थोडी विसरलो असतो तर मनगट शाबूत राहिलं असतं.

मी सायकल शिकलो ती १९७०च्या दशकातल्या पुण्यात. वडिलांची चोवीस इंची काळी सायकल, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल. वडिलांनी शिकवणी अशी दिलीच नाही. मागून सीट धरली, "समोर बघ" म्हणाले आणि सोडून दिली. नियम सांगितला तो एकच, तोही मी पडल्यावर, गुडघ्यावर हळद दाबताना. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. त्याला हात लावायचा नाही, लावलास तर तोंडावर आपटशील. डावा मागचा, तो आपला. त्यानंतर शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी आणि मंडईतली भाजी हे सगळं मी डाव्या हाताच्या भरवशावर केलं. लक्ष्मी रोडवर रिक्षा आडवी आली की डोक्याला कळायच्या आत डावी मूठ आवळलेली असे. या मुठीचा मला अभिमान होता. एरवी माझ्या शरीरात इतक्या तत्परतेने काम करणारा दुसरा अवयव नाही.

भाचा तुलूझला असतो. विमानं जोडतात ते हे गाव. त्याने फोनवर सांगितलं, "मामा, ये तर खरा. आपण सेलेच्या खोऱ्यात सायकली मारू." लो ही नैर्ऋत्य फ्रान्समधली मोठी नदी. सेले तिला मिळणारी धाकटी, चुन्याच्या दगडाच्या कड्यांमधून वळसे घेत जाणारी. दोन दिवसांचा बेत होता. फिजाकहून निघायचं, नदीकाठच्या जुन्या गावांतून खाली उतरायचं आणि शेवटी सँ-सिर्क-लापोपी गाठायचं. हे गाव लोच्या पात्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलं आहे. २०१२ साली फ्रेंचांनी मतदान करून त्याला देशातलं सर्वांत आवडतं गाव ठरवलं. ते मी पाहिलं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत वाट बघत बसाल.

तिथे या प्रकारच्या सायकलीला 'वे-ते-ते' म्हणतात. ही तीन आद्याक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ कसल्याही जमिनीवर चालणारी सायकल. आमच्याकडे तिला नुसतं सायकल म्हणतात. पुण्याच्या रस्त्यांवर दुसरी चालतच नाही. हे मी भाच्याला ऐकवलं तेव्हा तो काही बोलला नाही, त्याने फक्त कपाटातून एक काळी चड्डी काढून दिली. तिला बुडाखाली गादी शिवलेली. घालून आरशात पाहिलं तर मी दुपट्यातल्या बाळासारखा दिसत होतो, साठीला आलेल्या. पहिले दहा किलोमीटर ती गादी मला इतकी काचली की शेवटी मी विचारलं. भाचा आधी नदीकडे बघत राहिला, मग खाली मान घालून म्हणाला, "मामा, तिच्या आतून काही घालायचं नसतं." नात्यातल्या माणसांनी काही गोष्टी वेळेवर सांगाव्यात.

पण मी फिजाकच्या पुढे गेलो. फिजाक हे शांपोलिओंचं जन्मगाव. तोच तो, इजिप्तची चित्रलिपी १८२२ साली उलगडणारा, आणि तीही इजिप्तमध्ये पाऊल न टाकता, कारण तो तिकडे गेला १८२८ला. गावातल्या एका चौकात रोझेटा शिलेची काळ्या ग्रॅनाइटमधली अवाढव्य प्रतिकृती फरशीसारखी अंथरली आहे. तीन लिप्यांवरून लोक चपला घालून हिंडतात. मी मात्र बूट काढून उभा राहिलो. अक्षरावर पाय पडला की अजून हात कपाळाकडे जातो. भाचा म्हणाला, "मामा, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत.

तिथून सायकली भाड्याने घ्यायला गेलो. नेमका तेव्हा भाच्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बाहेर गेला. दुकानदार भला माणूस. माझ्यासमोर सायकल आणून उभी केली आणि भरभरून बोलू लागला. मला फ्रेंचमधलं 'वी' येत होतं, म्हणजे 'हो'. मी वी, वी म्हणत राहिलो. मग त्याने दोन्ही मुठी हवेत धरल्या आणि एकदा ही आवळली, एकदा ती, मध्येच खाली कुठेतरी बोट दाखवलं, पुन्हा ही, पुन्हा ती. मला वाटलं, इकडच्या गाई कशा पिळतात ते सांगतोय. 'वी' म्हटलं आणि सही केली. दोन हजार मैलांवरच्या आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं लिहिलेलं ज्या गावच्या पोराला वाचता आलं, त्याच गावात दोन फुटांवरचा जिवंत माणूस हातवारे करून काय सांगतोय ते मला कळलं नाही.

सकाळ मात्र सुरेख गेली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला पिवळट करडे कडे, मधल्या पट्टीत अक्रोडाची झाडं. गावं त्याच दगडाची, त्यामुळे कडा कुठे संपला आणि घर कुठे सुरू झालं ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. सपाट रस्त्यावर सायकलचे दोन्ही ब्रेक सारखेच गोड वागत होते. चढ आला की समोरून येणारे लोक 'बों कुराज' म्हणायचे. मला वाटलं, 'शाब्बास' म्हणतायत. भाच्याने अर्थ सांगितला, 'धीर धरा'. म्हणजे आपल्याकडे आयसीयूबाहेर म्हणतात तसं.

ब्रँग नावाच्या गावात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. खानावळीतली बाई टेबलं पुसत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि 'फिनी' म्हणाली. पाव? नाही. चीज? नाही. दुपारी दुकान बंद ठेवण्यावरून आजवर उभ्या महाराष्ट्राने पुणेकरांना टोमणे मारले. मला इतकं आपल्या माणसात आल्यासारखं फ्रान्समध्ये कुठेच वाटलं नव्हतं. पण आपलेपणाने पोट भरत नाही. भाचा म्हणाला, "मी पुढे मार्सियाकला जाऊन काही मिळतं का बघतो. आठ-दहा किलोमीटर आहे. तू सावकाश ये. नदी सोडू नकोस, बस्स." आणि वळणावर दिसेनासा झाला. कड्यांमुळे मोबाइलची रेंज त्याच्याही आधी गेली होती.

पुढे एक फाटा लागला. तिथे एक आजीबाई खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालत होत्या. मी सायकल थांबवून विचारलं, "मार्सियाक?" त्यांनी झारीसकट हात उडवला आणि म्हणाल्या, "तू द्रुआ, तू द्रुआ!"

आता इथे माझी बाजू समजून घ्या. भाच्याने निघताना दोन शब्द शिकवले होते. 'गोश' म्हणजे डावीकडे, 'द्रुआत' म्हणजे उजवीकडे. आजीबाईंचं 'द्रुआ' मी ओळखलं. शेवटचा 'त' राहिला, पण तो त्यांच्या दातांच्या हिशेबात धरला. आणि 'तू' तर आपलंच. 'तू उजवीकडे!' आजीच्या वयाच्या बाईने अहो-जाहो न करता एकदम तू म्हटलं, मला भरून आलं. मी त्यांना मराठीतून नमस्कार केला आणि उजवीकडे वळलो. मागून त्या काहीतरी ओरडत होत्या. मला वाटलं, सावकाश जा म्हणतायत.

'तू द्रुआ' म्हणजे नाकासमोर सरळ, हे मला संध्याकाळी कळलं. उजवीकडचा रस्ता नदी सोडून घाटासारखा वर चढत होता. भाच्याचं 'नदी सोडू नकोस' मला आठवलं नाही असं नाही. पण एका बाजूला तिशीतला पोरगा आणि दुसऱ्या बाजूला तिथे जन्म काढलेली आजी. ऐकायचं कोणाचं? पहिला गिअर टाकला, मग तोही संपला, मग उतरून ढकलू लागलो. अर्ध्या तासाने वर पोचलो तर दरी गायब आणि समोर अफाट माळ.

या पठाराला तिकडे 'कोस' म्हणतात. मराठीतला कोस दोन मैलांचा असतो आणि संपतो. हा संपत नाही. खाली सगळा चुन्याचा दगड. पडलेला पाऊस त्यातून झिरपून पाताळात जातो आणि तिथे गुहा कोरत बसतो. वर थेंबभर पाणी राहत नाही. खुरटे ओक, काटेरी जुनिपर, आणि माणसांनी शतकानुशतकं शेतातले दगड वेचून रचलेल्या गडग्यांच्या रांगा. चुना नाही की माती नाही, नुसता दगडावर दगड. कोकणातला माणूस पाहून हळहळला असता, की एवढे गडगे आणि आत एकही कलम नाही. कलमांच्या जागी मेंढ्या होत्या. या भागातली खास जात: तोंड पांढरं, कान काळे आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. पन्नास-साठ जणी काळ्या फ्रेमचा चष्मा लावून रवंथ करत माझ्याकडे बघत होत्या. आमच्या शाळेत गणिताला एक बाई होत्या. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिल्यावर त्या अशाच काही न बोलता बघत. मी एका मेंढीला "मार्सियाक?" असं विचारलंदेखील. तिने मान फिरवली ती डावीकडे. तिचं ऐकायला हवं होतं.

तासाभराने एका खांबावर खूण दिसली: एक त्रिकोण आणि दोन वर्तुळं. डोंगरी सायकलवाल्यांच्या पायवाटेची ही फ्रेंच खूण, एवढं भाच्याने सांगितलं होतं. खुणेवर रंग होता लाल. त्यांच्याकडे हिरवी वाट सोपी, मग निळी, मग लाल, मग काळी, हेही बहुधा त्याने सांगितलं असणार. पण माझ्या मनात लाल म्हणजे एसटी. हाडं खिळखिळी करील, पण गावात नेऊन सोडील. वाट खाली उतरत होती. खाली नदी, नदीवर गाव, गावात भाचा आणि भाच्याकडे खायला काहीतरी. मी निघालो.

पहिली पन्नास पावलं मी थेट तरुणपणात गेलो. वारा कानात शिरला, दुतर्फा झुडपं पळू लागली, सुटे दगड टायरखालून टणाटण उडू लागले. मग वाट अचानक वळली. वळणावर एक धोंडा होता, बसलेल्या म्हशीएवढा. डोक्याला कळायच्या आत डाव्या मुठीने आपलं काम केलं.

फ्रान्समध्ये डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो.

वडिलांच्या सायकलचा ब्रेक दाबला की लोखंडी सळ्या खडखडत, रबराचे ठोकळे रिमला घासत आणि गाडी विचार करून थांबे. ही आधुनिक सायकल. तिचा ब्रेक एका बोटाने दाबायचा असतो. मी चार बोटांनी आणि पन्नास वर्षांच्या श्रद्धेने दाबला. पुढचं चाक जागच्या जागी खिळलं. बाकीची सायकल मात्र मार्सियाकला जायला उत्सुक होती. सीट माझ्या खालून वर आली, मला उचललं आणि हँडलवरून पुढे पाठवून दिलं. हवेत असताना दोन गोष्टी स्पष्ट आठवल्या. एक, दुकानदाराच्या त्या दोन मुठी. दोन, हळदीची बोटं आणि वडिलांचा आवाज. त्यांनी सांगितलं होतं तोंडावर आपटशील, आणि बापाचा शब्द खोटा पडू नये म्हणून मी अगदी तसाच आपटलो, जुनिपरमध्ये.

काही वेळ मी हललो नाही. नाकासमोर जुनिपरची एक निळसर गोळी होती आणि तिच्यावरून मुंगी चालली होती. सायकल उताणी पडून मागचं चाक फिरवत होती, टिक टिक टिक टिक, भिंतीवरच्या घड्याळासारखी. ते थांबेपर्यंत मी ऐकलं. मग उठायला डावा हात टेकला आणि जे ओरडलो ते शुद्ध मराठीत होतं. इथे छापता येणार नाही.

ते ऐकून वाटेवरून एक बाई आल्या. पाठीवर पिशवी, पिशवीला बांधलेला पांढरा शिंपला. म्हणजे सांतियागोची यात्रेकरू. ल प्युईहून निघून स्पेनच्या पश्चिम टोकापर्यंत दीड हजार किलोमीटर चालत जाणारे हे लोक. त्यांची एक वाट या खोऱ्यातून जाते. बाई निवृत्त नर्स निघाल्या. आपल्या वारीत जशी पायाला तेल चोळून देणारी माउली भेटते, तशीच ही मला भेटली. तिने पिशवीतून बँडेज काढलं, जुनिपरचे काटे चिमट्याने उपटले आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं की कोणतं मनगट, डावं की उजवं? सुजलेलं मनगट दोघांच्याही समोर होतं. तरी मी क्षणभर विचार केला. त्या दिवशी या बाबतीत माझा स्वतःवर भरवसा उरला नव्हता.

तिने मला खालच्या रस्त्यापर्यंत पोचवलं आणि एका शेतकऱ्याच्या पांढऱ्या व्हॅनला हात केला. मी पुढे बसलो, सायकल मागे टाकली. तिचं पुढचं चाक आउट होऊन जिलबीसारखं झालं होतं. मार्सियाकला बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष आहेत. छप्पर नसलेल्या कमानी, मधून आकाश दिसतं. रोकामादूर या प्रसिद्ध तीर्थावर एके काळी या मठाचा हक्क होता. तीर्थाची कमाई वाढल्यावर दुसऱ्या मठाशी मालकीचा तंटा जुंपला आणि मार्सियाकवाले हरले. देवस्थानांचे वाद सगळीकडे सारखेच. त्या कमानींखाली भाचा फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. गावात नेमकी रेंज होती, आणि तिचा फायदा घेऊन पुण्याहून माझ्या बहिणीने व्हिडिओ कॉल लावला होता.

"दादा कुठाय? मला दादा दाखव."

"मामा ना, मामा मागे आहे, फोटो काढतोय," भाचा सांगत होता. तेवढ्यात व्हॅनचं दार उघडलं आणि कपाळावर तीन पट्ट्या, हाताला बँडेज आणि केसात जुनिपर अशा अवस्थेत दादा कॅमेऱ्यात अवतरला. पुढची दहा मिनिटं मार्सियाकच्या मठात सदाशिव पेठ घुमत होती.

शेतकऱ्याला मात्र माझ्यापेक्षा सायकलमध्ये रस होता. त्याने डावा ब्रेक दाबून पाहिला, उजवा दाबून पाहिला. दोन्ही ठणठणीत. मग माझ्याकडे पाहून त्याने भुवया उडवल्या. भाच्याने त्याला सगळं समजावलं, की आमच्याकडे इंग्रजांची पद्धत, पुढचा ब्रेक उजव्या हाताला. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर लख्ख प्रकाश पडला. "आ, लेझांग्ले!" म्हणजे, 'अच्छा, इंग्रज!' त्याने वरच्या कड्याकडे बोट दाखवलं. या खोऱ्यात कड्यांच्या पोटात भिंती घालून केलेली जुनी लपणी आहेत आणि लोक त्यांना अजून 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात. शंभर वर्षांच्या युद्धात १३६०च्या तहाने हा केर्सी प्रांत इंग्रजांना देऊन टाकला होता. साडेसहाशे वर्षं झाली, पण कड्यात भगदाड दिसलं की नाव इंग्रजांचं. शेतकऱ्याने माझ्या बँडेजवर हलकेच थोपटलं आणि तेही त्याच खात्यात मांडलं. मला फार बरं वाटलं. तोवर मी सगळा दोष वडिलांना देत होतो.

रात्री जेवायला मी सावध होतो. भाचा म्हणाला, शाकाहारी माणसाला इथे सॅलड बरं. त्याचं नाव होतं 'केर्सीचं सॅलड'. हिरव्या पानांवर अक्रोड होते आणि अक्रोडांसारखेच दिसणारे काही काळपट तुकडे होते. मी दोन चावले. ते बदकाच्या पोटातले, पाखरं खडे वगैरे ज्यात दळतात त्या पिशवीचे होते. मग उरलेली पानं आणि रोकामादूरचं चकतीएवढं शेळीचं चीज यावर रात्र काढली. सोबत काओरची काळीभोर वाइन होती. औषध म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाचेसून तुलूझहून गाडी घेऊन आली. सँ-सिर्क-लापोपीचा चढ या मनगटाने ढकलायचा म्हणजे थट्टाच. त्याऐवजी काब्ररे गावाच्या डोक्यावरची पेश मेर्लची गुहा पाहायचं ठरलं. १९२२ साली गावातल्या दोन पोरांना ही सापडली. आत दिवसाला सातशेच माणसं सोडतात आणि फोटो काढू देत नाहीत. आत गारवा. बँडेजखालचा ठणका प्रथमच थांबला. कोसावर पडलेल्या पावसाने इथे खाली काय उद्योग करून ठेवला होता ते दिसत होतं. खांब, झालरी, दगडी पडदे. आणि एका भिंतीवर ते दोन ठिपकेवाले घोडे, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे, एकमेकांकडे पाठ करून उभे.

हे चित्र कसं काढलं असेल हे पाहायला मिशेल लोर्ब्लांशे नावाच्या पुरातत्त्वज्ञाने स्वतः कोळसा चावून भिंतीवर थुंकून पाहिला होता. तोंडातून रंग फुंकत ठिपका उमटवायचा. मी भाच्याच्या कानात म्हटलं, "आपल्याकडे हे प्रत्येक सरकारी जिन्यात आहे." भाचेसुनेने डोळे मोठे केले.

घोड्यांच्या भोवती हात आहेत. भिंतीवर हात ठेवायचा, त्यावर रंग फुंकायचा, हात काढायचा. मागे हाताची रिकामी जागा उरते. गाइडने टॉर्च एका हातावर धरला. पाच बोटं, अंगठा बाजूला. मी गळ्यातली झोळी सावरत जवळ सरकलो आणि हिशेब करू लागलो. पालथा ठेवला असेल तर उजवा. उताणा ठेवला असेल तर डावा. पालथा, उजवा. उताणा, डावा. शेवटी स्वतःचा चांगला हात हवेत धरून पालथा-उताणा करून पाहिला. शेजारच्या फ्रेंच आजोबांना वाटलं असावं मी प्रार्थना करतोय. ते थोडे बाजूला झाले.

तेवढ्यात गाइडने टॉर्च फिरवला आणि पुढे जायला सांगितलं. वाक्यात कुठेतरी 'द्रुआ' होतं. 'त' होता की नव्हता ते मला ऐकू आलं नाही. सगळे निघाले. मी भाचा कुठे वळतो ते बघत तिथेच उभा राहिलो.